आधी चोक, मग चहा

१

अंगद गेला, आणि त्याचा चोक गाडीच्या सीटवर सापडला. प्रेमलाताईंचं डोकं फिरलं ते त्या सीटपाशीच.

चोक म्हणजे काय, ते आधी सांगून टाकलेलं बरं. पिवळ्या रबराचा, एका बाजूनं तिरका कापलेला जड ठोकळा. मालाची विमानं जिथं उभी राहतात त्या काँक्रीटच्या मैदानाला रॅम्प म्हणतात. तिथं थांबणाऱ्या प्रत्येक गाडीच्या चाकाला हा ठोकळा लावायचा, म्हणजे गाडी जागची हलत नाही. आपण बैलगाडीच्या चाकाला दगड लावतो ना, तेच ते. नाव तेवढं साहेबी.

जालन्याबाहेरच्या माळावर हे मालाचं छोटं विमानतळ झालं, तेव्हा रॅम्पवरच्या पहिल्या तुकडीला शिकवलं ते प्रेमला देवगावकर यांनी. बाई जालन्याच्याच. कंपनीच्या सुरक्षा अधिकारी. जीभ अशी तिखट की पोरं त्यांना मागं ‘मिरची मॅडम’ म्हणायची, आणि बाईंना ते ठाऊक होतं. त्या तुकडीतला पिंपळगाव रेणुकाईचा अंगद हा त्यांचा सगळ्यात लाडका. शिकवलेलं नुसतं पाठ करणारे पुष्कळ असतात, हा ते जगायचा. रॅम्पवर चहाची किटली आली की हा आडवा उभा राहायचा. “आधी चोक, मंग चहा! दाखव तुझ्या गाडीचा चोक.” दाखवल्याशिवाय कुणाला घोटभर चहा मिळायचा नाही. पोरं शिव्या द्यायची, हसायची आणि चोक लावायची.

तोच अंगद खंडेनवमीच्या सकाळी चिरडून मेला. मालाचे गाडे ओढणारा बुटका ट्रॅक्टर असतो, त्याला टग म्हणतात. अंगदनं आपला टग उभा केला आणि त्याच्या पुढ्यातल्या गाड्यावर मिरचीच्या खोक्यांना जाळी बांधायला लागला. पाठ टगकडे. मैदानाला पाणी निघून जाण्यापुरता उतार. टग हळूच पुढं सरकला, आवाजसुद्धा झाला नाही. टग आणि गाड्याच्या मधे अंगद. दवाखाना गाठायच्या आतच सगळं आटोपलं.

“पुढच्या चाकाचा चोक सीटवर होता, मॅडम,” रॅम्पचा मॅनेजर मुकुल सांगत होता. “म्हणजे त्यानंच काढला. गाडी हलवायची म्हणून काढला, मग आठवलं जाळी राहिली, आणि तसाच समोर गेला. वाईट झालं, पण चूक त्याचीच. इथं सही केलीत की प्रकरण मिटलं.”

“अंगदनं चोक सीटवर ठेवला?”

“हो.”

“अंगदनं? अरे, चोक काढला की तो टगच्या बाजूच्या आकड्याला अडकवायचा. सीटवरचं सामान घसरून पायातल्या ब्रेकच्या पट्टीवर पडतं, म्हणून एका पोराला त्यानं आठ दिवस बोलणी खायला लावली होती. आणि तो स्वतः सीटवर ठेवील?”

“घाईत होतं असं.”

मेलेला माणूस काही उठून बोलत नाही. त्याच्या माथी काहीही मारावं. प्रेमलाताईंना राग आला आणि रडूही आलं, दोन्ही एकदम. आदल्याच दिवशी अंगदच्या वडिलांचा, बद्रीनाथकाकांचा फोन आला होता. म्हातारा रडला नव्हता. एवढंच म्हणाला, “बाई, लेक तर गेला. पन गावात म्हनून राह्यले, दुसऱ्याला शिकवनारा सोताच्या गलथानपनानं मेला. तेवढं खरं हाय का, तुमी बघून सांगा.”

“चोक आण इकडं,” बाई म्हणाल्या.

मुकुलनं कपाटातून चोक काढून टेबलावर ठेवला. त्याच्या तिरक्या पाठीवर बोटभर लाल डाग होता.

“रक्त आहे,” मुकुलनं नजर वळवली.

“रक्त?” प्रेमलाताई चोकवर वाकल्या. “अंगद खाली पडला, टगच्या पुढ्यात. चोक वर सीटवर. मग हे रक्त काय शिडी लावून चढलं?”



२

त्या सकाळी टगच्या आसपास तिघंच होते. मुकुल, बबलू आणि भिवा. चोक अंगदनं काढला नसेल, तर या तिघांतल्याच कुणीतरी काढला होता. हा हिशेब बाईंनी मुकुलच्या तोंडावरच मांडला.

“माझ्यावर संशय घेताय?” मुकुल लाल झाला.

“तुझ्यापासूनच सुरुवात करते. त्या टगचा हँडब्रेक धरत नव्हता, हे तुला माहीत होतं का?”

मुकुलनं टेबलावरचे कागद सारखे केले. मग पुटपुटला, “दुरुस्तीला टाकला असता तर टग कमी पडला असता. मिरचीचा सीझन होता.”

“आणि ब्रेकची बातमी वर गेली असती तर तुझी खुर्ची हलली असती. म्हणून अंगदच्या गळ्यात घालायची घाई.”

“मी चोकला हात लावला नाही, मॅडम. आईशप्पथ. मी विमानाच्या शिडीपाशी वैमानिकाशी बोलत होतो. तिथून फक्त भिवाला हाक मारली, दुसरा गाडा आण म्हणून.” वैमानिकानंही तेच सांगितलेलं होतं. रॅम्पवरच्या कॅमेऱ्याचा काही उपयोग नव्हता, कारण नेमकं मधे विमानाचं पोट आलं होतं.

मग बबलू. हा जालन्यातलाच, जुना बाजारमधला. गाडी झकास चालवायचा आणि तोंड त्याहून झकास. अंगदशी त्याचं वाजलेलं होतं, हे अख्ख्या रॅम्पला माहीत. टग चालवताना फोनवर बोलला म्हणून अंगदनं त्याची तक्रार केली होती आणि त्याला घरी बसावं लागलं होतं.

“हां, होता माझा राग,” बबलू म्हणाला. “झूट कशाला बोलू? पन राग येगळा आन जान घेनं येगळं. मी तवा वजनकाट्यावर होतो, चार जनांत. पूछो किसीको भी.”

“चौकशी केलीय मी. होतास तू काट्यावर.”

“मंग कशाला बोलावलं?”

“तुझं तोंड चालतं म्हणून. त्या दिवशी रॅम्पवर काय चाललं होतं?”

बबलूनं मान हलवली. “वातावरनच खराब होतं मॅडम. खंडेनवमी असून पूजा न्हाई. दरसाल आमी टग धुतो, झेंडूचा हार घालतो, नारळ फोडतो, चाकापुढं लिंबू ठिवतो. औंदा अंगदनं बंद केलं. म्हने नारळाची करवंटी, फुलं, रॅम्पवर काय बी पडायला न्हाई पायजे. विमानाच्या इंजिनानं ओढून घेतलं तर इंजिन फुटंल. बराबर हाय त्याचं. पन देवीचं बी काही असतं का न्हाई? मी तवाच म्हनलं होतं, हे चांगलं न्हाई होनार.”

“म्हणजे पूजा कुणीच केली नाही?”

“बिलकुल न्हाई. अंगद डोळ्यात तेल घालून बसलेला. मी तर जिद्दीनं नारळ आनला होता पिशवीत, त्यानं तो बी काढून घेतला.” बोलता बोलता बबलूचा आवाज उतरला. “नंतर कँटीनमधी फोडला आन पैला तुकडा मलाच दिला त्यानं. म्हनला, रागावू नको गड्या.”

बबलू तोंड फिरवून नाक पुसायला लागला. बाईंनी त्याला जाऊ दिलं.

३

तिसरा भिवा. पिंपळगावचाच, अंगदच्या आळीतला. दोघं एकाच बाकावर शिकले, एकाच टमटमनं भोकरदनला कॉलेजला गेले, आणि अंगद रॅम्पवर लागला तेव्हा त्यानंच भिवालाही ओढून आणलं. भिवा मुळातच कमी बोलणारा. आता तर त्याच्या तोंडून शब्द ओढून काढावा लागत होता.

प्रेमलाताईंनी त्याला कँटीनमध्ये पोहे मागवले. समोर प्लेट आली तशी भिवानं वरची लिंबाची फोड चिमटीत धरून काढली आणि टेबलाच्या पार कडेला ठेवली. मग पोह्यांनाही हात लावला नाही.

“चोक कुणी काढला, भिवा?”

“म्या दुसरा गाडा आनायला गेल्तो. मुकुलसायबानं हाक मारली, मी पळालो.”

“त्याच्या आधी कुठं होतास?”

“तिथंच. टगपाशी.”

“काय करत होतास?”

भिवानं मान खाली घातली ती वर केलीच नाही. “मॅडम, माझ्या आईनं सांगितल्तं, अंगदच्या मागं मागं ऱ्हा, तो तुला संबाळंल,” एवढंच म्हणाला आणि उठून गेला.

बाई बसून राहिल्या. टेबलाच्या कडेला ती फोड तशीच पडलेली. लिंबू कुणी टाकतं का? त्यातून भोकरदनकडची माणसं, ज्यांना लिंबाशिवाय घास उतरत नाही? बाई विचार करत राहिल्या आणि एकदम त्यांना लहानपणीचं काही आठवलं. आई घरी हळदीचं कुंकू करायची. ओल्या कुंकवावर चुकून लिंबाचा थेंब उडाला की लाल कुंकू बघता बघता पिवळं पडायचं, आणि आईचा धपाटा बसायचा.

ती फोड उचलून त्या तडक मुकुलच्या खोलीत गेल्या. चोकवरच्या लाल डागावर चार थेंब पिळले. मुकुल तोंड उघडं टाकून बघत राहिला. डागाचा रंग पालटला. जिथं जिथं रस लागला तिथं हळदीचा पिवळेपणा उमटला.

“रक्त असं करत नाही,” बाई म्हणाल्या. “हे कुंकू आहे. देवळात मिळतं ते, अस्सल हळदीचं.”

“पण पूजा तर झालीच नाही!”

“चल, टग दाखव मला.”

टग त्या दिवसापासून शेडमध्ये कुलपात होता. बाईंनी गुडघे टेकले, हेअरपिन काढली आणि पुढच्या चाकाच्या खाचा कोरायला लागल्या. मातीबरोबर वाळलेल्या सालीचा तुकडा आला, आणि त्याला चिकटलेल्या तीन-चार पांढऱ्या बिया.

लिंबाच्या.

“हार नाही, नारळ नाही, उदबत्ती नाही,” त्या मुकुलला, खरं तर स्वतःलाच सांगत होत्या. “फक्त एक लिंबू आणि चिमूटभर कुंकू. वाऱ्यानं उडणारं, इंजिनात जाणारं काही नाही. बबलूला पूजा करायची असती तर त्यानं दणक्यात केली असती, भांडण काढून. हे ज्यानं केलं त्याला अंगदचा नियम मोडायचा नव्हता. त्याला अंगद जपायचा होता.”

एवढं म्हटलं आणि त्यांनी त्या बिया रुमालात बांधल्या. असं करणारा एकच होता. पण त्यानं अंगदला राखणारा ठोकळाच काढून का घ्यावा, ते मात्र अजून कळत नव्हतं.

४

पिंपळगाव रेणुकाईला जायला बाईंनी भाड्याची जीप केली. ड्रायव्हर रामराव. भोकरदन सोडलं तशी रस्त्याला मिरचीच्या गाड्यांची रांग लागली. काच लावली तरी ठसका येतच होता. बद्रीनाथकाकांचं घर गावाच्या चढावर. रामरावानं जीप वळवून, उताराकडं तोंड करून दारात उभी केली, आणि बाईंनी सवयीनं कुंपणाजवळचा एक दगड उचलून चाकापुढं लावला.

“ब्रेक चांगला हाय ताई,” रामराव हसला.

“असू दे. दगडाचं काय जातं?”

अंगणात लिंबाचं झाड होतं, फळांनी लगडलेलं. झाडाखाली रांजणात एक तरुण घागर रिकामी करत होता. तो भिवा होता. ओसरीवरून एक बाई त्याला बोलत होती आणि तो ऐकून घेत होता.

“आता पानी भरून काय उपेग? एवढं येक काम सांगितल्तं मेल्या! येक! ते बी तुझ्याच्यानं झालं न्हाई!”

ही गोजरबाई. अंगदची आई. रडून रडून तिचा आवाज पार बसला होता. प्रेमलाताई पुढं झाल्या तशी ती त्यांच्या गळ्यातच पडली.

“बाई, माझं लेकरू तुमचं लई नाव काढायचं हो! सुट्टीला आला की मलाच शिकवायचा. चुलीपासनं रॉकेलची बाटली लांब ठिव, म्हनायचा.”

बाई तिला धरून बसल्या. तिची पाठ चोळत राहिल्या. तिचे हुंदके ओसरल्यावर त्यांनी विचारलं, “मावशी, भिवाला कोणतं काम सांगितलं होतं तुम्ही?”

गोजरबाईनं पदरानं तोंड पुसलं. “म्या लिंबू दिल्तं त्याच्याकडं. ह्याच झाडाचं. रेणुकाईच्या पायाला लावून आनल्यालं. अंगद म्हनला व्हता, औंदा पूजा न्हाई. माझ्या जिवाला घोर लागला. एवढाल्या मशिनीत काम करून राह्यला लेक, आन खंडेनवमीला पूजा न्हाई म्हंजे काय? मंग भिवाला म्हनलं, बाबा, त्याला न कळू देता त्याच्या गाडीच्या चाकापुढं एवढं ठिव. आन जे त्याचं हत्यार असंल त्याला कुकू लाव. बस. दुसरं काय बी मागितलं न्हाई.”

“मग?”

“मंग काय! ह्यो इसरला! सोताच्या तोंडानं सांगितलं मला, काकू, गडबडीत इसरलो. बाई, तेवढं लिंबू ठिवलं असतं ना, माझा अंगद आज जिता असता!”

रांजणापाशी घागर खाली टेकल्याचा आवाज झाला. प्रेमलाताईंनी वळून बघितलं. भिवा त्यांच्याकडेच बघत होता, आणि त्याच्या डोळ्यांत एवढंच होतं, की बोलू नका.

५

रेणुकाईच्या देवळामागं कडुनिंब आहे, तिथं दोघं बसले. भिवाला विचारावं लागलं नाही.

“मॅडम, तुमाला कळलंय,” तो म्हणाला.

“लिंबू तू ठेवलंस, हे कळलं. चोक का काढलास, ते कळलं नाही.”

भिवा हाताचे पंजे बघत सांगायला लागला. “काकू म्हनली, त्याचं हत्यार असंल त्याला कुकू लाव. म्या ईचार केला, अंगदचं हत्यार कोनचं? टग तर कंपनीचा. दोरी, जाळी, समद्यांचीच. त्याचं हत्यार म्हंजे चोक. दिवसभर त्याच्या तोंडात तेच, चोक, चोक. म्हनलं, ह्याचीच पूजा करायची. अंगद जाळी आनायला गेल्ता. म्या पुढच्या चाकाचा चोक काढला. खाली भुईवर कशी करावी पूजा? पाट न्हाई, काय न्हाई. सीटवर मांडला. कुकू लावलं, हात जोडले. चोकच्या जागंला लिंबू ठिवलं.”

“आणि परत लावला नाहीस.”

“पूजेला बसवल्यालं हत्यार लगेच कामाला लावत न्हाईत ना, मॅडम. तुमाला बी म्हाईत हाय. आमच्याकडं त्या दिशी विळा सुदिक उचलत न्हाईत. म्हनलं, जरा बसू द्यावं, पाच मिन्टं. हँडब्रेक ओढल्याला व्हता, टग हालत नव्हता, म्या ढकलून बी बघितला. मंग मुकुलसायबाची हाक आली, जल्दी गाडा आन. म्या पळालो. मनात व्हतं, येतोच आन लावतोच.” त्याचा आवाज फुटला. “अंगद जाळी घेऊन आला आसंल. त्यानं कशाला बघावं? चोक तर त्यानं सोता लावला व्हता. सोताच्या चोकवर त्याचा भरोसा व्हता.”

प्रेमलाताईंनी डोळे मिटले. त्यांनीच शिकवलं होतं ते. चोक लावला की मग समोर जायला हरकत नाही. पोरानं तसंच केलं होतं, शब्दाला शब्द.

“काकूला का सांगितलंस, विसरलो म्हणून?”

“मंग काय सांगू?” भिवा एकदम ओरडला. देवळातली चार माणसं वळून बघायला लागली. तो परत हळू झाला. “तुझं लिंबू ठिवायला म्या चोक काढला, आन त्यानंच तुझा लेक गेला, असं सांगू? ती जगंल का? त्यापरीस मला शिव्या देऊन राह्यली, ते बरं. शिव्या देती तवा तेवढा येळ रडत न्हाई ती.”

भिवा हमसाहमशी रडायला लागला. बाईंनी त्याला समजावलं नाही, थोपटलंही नाही. काही दुःखांना हात लावायची सोय नसते. त्या नुसत्या शेजारी बसून राहिल्या, आणि त्यांच्याही डोळ्यांतून पाणी वाहत राहिलं.

मग त्यांनी नाक पुसलं. “ऐक. रिपोर्टमध्ये मला खरं लिहावं लागेल. मुकुलनं ब्रेक दुरुस्त केला नाही, ते पहिलं. चोक तू काढलास, ते दुसरं. आणि पूजेसाठी काढलास, तेही लिहिणार. नाही लिहिलं तर पुढच्या दसऱ्याला आणखी कुठल्या तरी रॅम्पवर असाच एखादा भिवा असाच ठोकळा काढील. तुझी नोकरी जाईल, भिवा. पोलिसांनाही सांगावं लागेल.”

“जाऊंद्या. अंगदचं नाव साफ होतंय ना?”

“होतंय.”

“आन लिंबू?”

“लिंबू कुणाच्या झाडाचं, हे कंपनीला काय करायचंय?”

६

उन्हं कलती झाली तेव्हा दोघं घरी परतले. बद्रीनाथकाका शेतातून येऊन ओसरीवर बसले होते. प्रेमलाताई त्यांच्यासमोर उभ्या राहिल्या.

“काका, अंगदची तसूभरही चूक नव्हती. चोक त्यानं लावला होता, तो दुसऱ्यानं काढला. सगळ्या गावाला सांगा. कुणी काही म्हटलं तर माझ्याकडं पाठवा.”

म्हाताऱ्यानं मान डोलवली. इतके दिवस न रडलेला माणूस आता रडला, धोतराच्या सोग्यात तोंड घालून. गोजरबाई आत चहा करायला गेली होती.

“कुनी काढला?” त्यानं विचारलं.

“म्या, काका,” भिवा म्हणाला.

“कशापायी?”

भिवा बोलला नाही. बाईही बोलल्या नाहीत. म्हातारा एकदा भिवाकडं बघत होता, एकदा अंगणातल्या झाडाकडं. हळूहळू त्याचा चेहरा बदलत गेला.

“कुकवाची पुडी म्याच आनून दिल्ती देवळातनं,” तो अगदी हलक्या आवाजात म्हणाला. मग त्यानं स्वैपाकघराच्या दाराकडं बघितलं आणि दोन्ही हात जोडले. “बाई, हिला कळू देऊ नगा. पाया पडतो तुमच्या.”

“नाही कळणार, काका.”

म्हातारा उठला, भिवापाशी गेला आणि त्याच्या डोक्यावर हात ठेवून नुसता उभा राहिला.

चहा झाला. कुणाला गेला, कुणाला नाही. निघताना सगळी जीपपाशी आली. बाईंनी काकांचा निरोप घेतला, वळल्या, आणि जागच्या जागी थिजल्या.

गोजरबाई जीपच्या पुढ्यात उकिडवी बसली होती. तिच्या एका हातात झाडाचं ताजं लिंबू होतं. दुसऱ्या हातानं तिनं चाकाचा दगड काढून बाजूला सारला होता आणि त्या जागी ती लिंबू बसवत होती. डोकं अगदी चाकापुढं.

“मावशी!” प्रेमलाताई किंचाळल्या. त्यांनी धावत जाऊन तिला दंडाला धरून ओढली. गोजरबाई धडपडून त्यांच्या अंगावर आली.  जीप काही हलली नव्हती. ब्रेक चांगला होता तिचा.

“अवं, काय झालं?” गोजरबाई घाबरून म्हणाली.

“काही नाही. काही नाही, मावशी. इकडं या. इकडं बाजूला उभ्या राहा माझ्याजवळ.”

“लांबची वाट हाय तुमची. म्हनलं, लिंबू ठिवावं. लेकरासारख्या माझ्या.”

प्रेमलाताईंनी तिला घट्ट धरून ठेवलं. पुढं बघितलं, मागं बघितलं. भिवानं न सांगता जीपच्या पुढ्यातून सगळ्यांना हटवलं होतं आणि हात वर करून रामरावाला खूण केली होती, रॅम्पवर करतात तशी. रामरावानं जीप पुढं घेतली. लिंबू फुटलं. रस मातीत उतरला आणि आंबट वास आला.

गोजरबाईनं त्या ओल्या मातीला हात जोडले. तिच्या चेहऱ्यावर इतक्या दिवसांनी जराशी शांती दिसली.

“आता घोर न्हाई,” ती म्हणाली. मग तिची नजर भिवाकडं गेली आणि तोंड परत कडू झालं. “बघितलं का रं? एवढंच करायचं व्हतं. का न्हाई केलंस?”

भिवानं खाली वाकून तो दगड उचलला आणि कुंपणाला नीट लावून ठेवला.

“इसरलो, काकू,” तो म्हणाला.